नकाशापुढे एकच खुर्ची

मी आजवर पुष्कळ घरं पाडली आहेत. त्यातलं एकही खरं नव्हतं आणि एकही मी रागाने पाडलं नाही.

ठाण्यातल्या एका कंपनीत मी व्हिडिओ गेमसाठी पडकी घरं बनवायचे. परदेशातली एखादी मोठी कंपनी युद्धाचा गेम काढते. सैनिक, बंदुका, स्फोट हे मानाचं काम तिकडेच होतं. पण सैनिकाला लपायला भिंत लागते, आणि एका उद्ध्वस्त शहरात अशा शेकडो भिंती लागतात. तुटलेले जिने, वाळूची पोती, गंजलेली पिंपं, फुटक्या काचा. हे सगळं आमच्याकडे यायचं. शेजारपाजारच्यांनी विचारलं, की आई सांगायची, ‘कॉम्प्युटरमध्ये आहे.’ त्यापुढे ती कधी गेली नाही आणि मीही तिला नेलं नाही. मला फार बोलता येत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, घर मराठी, मैत्रिणी हिंदीत बोलणाऱ्या. त्यामुळे मला तीन भाषांत गप्प बसता येतं.

पडक्या घरांचे नमुने म्हणून तिकडून फोटो यायचे. ते बघून केलेल्या भिंती कायम खोट्या वाटायच्या. मग मी डोंबिवलीतच फोटो काढायला लागले. आमच्याकडे दर दोन गल्ल्यांआड एखादी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली असते. अर्धी पाडली, की ती सुरीने कापलेल्या केकसारखी दिसते. वरच्या मजल्यावर कुणाच्या मोरीच्या निळ्या टाइल्स, त्याखाली देवघराचा गुलाबी कोपरा, आणि भिंतीवर खिळ्याखाली एक पांढरा चौकोन. मी तेच घेतलं.

एकदा आमच्या टीम लीडने मला बोलावलं. माणूस चांगला, फक्त सतत घाईत.

‘केतकी, या भिंतीवर हा चौकोन कसला?’

‘कॅलेंडरचा.’

‘मग कॅलेंडर कुठाय?’

‘घर सोडताना घेऊन गेले असतील.’

त्याने ती भिंत स्क्रीनवर मोठी करून बघितली. मग म्हणाला, ‘राहू दे. भारी दिसतंय.’

म्हणजे जगात कुठे ना कुठे पोरं आजही आमच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी मोरीवर गोळ्या झाडत असतील. मला त्याचा अभिमान वाटतो. वाईटही वाटतं, पण अभिमान जरा जास्त.

पुढे कंपनीला एक वेगळं काम मिळालं. गेमच, पण विकायचा नव्हता. हुकूम कसा द्यावा हे शिकवणारा. याबद्दल मी किती लिहावं याला मर्यादा आहेत, म्हणून फक्त रचना सांगते. एका खोलीत मोठा नकाशा, त्याच्यासमोर हुकूम देणारे. नकाशावर ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे काही माणसं. काचेपलीकडच्या दुसऱ्या खोलीत आम्ही. हुकूम आला की आम्ही ठिपके हलवायचे, आणि मधूनमधून अडचणी सोडायच्या. एकाकडे पाऊस होता, एकाकडे वायरलेस बंद पाडणं, माझ्याकडे पूल. समोरून खूण झाली की मी बटण दाबायचे आणि पूल पडायचा. त्यावरचे ठिपके विझायचे.

तिथे माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती डोक्यातून जाईना. ठिपका विझला, की नकाशा आधीपेक्षा स्वच्छ दिसायचा. गर्दी कमी झाल्यासारखी. हुकूम देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दुःख यायला जागाच नसायची. ते वाईट लोक अजिबात नव्हते. आम्हीच बनवलं होतं तसं.

त्यावर मला काहीतरी करायचं होतं. त्याला कला म्हणतात, हे मला नंतर कळलं. कंपनीतला निनाद, हा कल्याणचा, प्रोग्रॅम लिहिणारा. त्याला मी एका दमात सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘तू एवढं बोलतेस हे बघून मी हो म्हणतोय. बाकी मला घंटा काही कळलेलं नाही.’

डोंबिवलीजवळ कोपरला हिरामावशींचा एक गाळा रिकामा होता, तिथे आम्ही काम मांडलं. मावशी तिथल्या जुन्या. त्यांच्या सासऱ्यांची मिठागरं होती, आता तिथे त्यांच्या नावाच्या दोन बिल्डिंगा आहेत. त्या रोज संध्याकाळी गाळ्याच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, ‘काय गो, झालं काय तुजं लडाईचं?’ मी म्हणायचे, ‘होतंय मावशी.’

झालं ते असं. अंधारी खोली, मधे टेबल, टेबलावर वरून प्रोजेक्टरने पडणारा नकाशा. एक नदी, एक पूल. टेबलापुढे एकच खुर्ची. तुम्ही बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि बोलून हुकूम द्यायचा. बोललेलं ओळखणारा प्रोग्रॅम निनादने बसवला होता. बारा ठिपके, एक ते बारा नंबरचे. काम एकच: पूल राखा. सुरुवातीलाच आवाज सांगतो, ‘तुम्ही कधीही “परत या” म्हणू शकता. मग खेळ संपेल.’ पूल शेवटी पडतोच, तो राखता येत नाही. माणसं वाचवायची तर त्यांना परत बोलावणं एवढाच मार्ग. आणि तो लपवलेला नाही, तोंडावर सांगितलेला आहे.

मुंबईतल्या एका गॅलरीत आम्ही ते पहिल्यांदा मांडलं. लोक एकेकटे आले, शांतपणे बसले, उत्तम हुकूम दिले आणि बाराच्या बारा ठिपके घालवून उठले. एका मुलाने विचारलं, ‘नेक्स्ट लेव्हल कुठाय?’ एका गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन ‘पॉवरफुल’ म्हटलं. कौतुक झालं, कुणीतरी चांगलं छापूनही आणलं. पण ‘परत या’ असं एकाही माणसाने म्हटलं नाही. खेळ संपणं म्हणजे हरणं, आणि हरायला कोण बसतं? मी लोकांना पुन्हा एक स्वच्छ नकाशाच दिला होता.

त्यानंतर डोंबिवलीतून बोलावणं आलं. एका सभागृहात तीन दिवसांचं प्रदर्शन होतं, चित्रं, रांगोळ्या, फोटो, आणि एका कोपऱ्यातल्या खोलीत आम्ही. शेवटच्या दिवशी एका मोठ्या फिरत्या प्रदर्शनाच्या निवड समितीच्या बाई येणार होत्या. त्यांनी घेतलं, तर वर्षभर हेच काम करता येणार होतं. नाही घेतलं, तर सोमवारपासून परत वाळूची पोती. टीम लीडने सुट्टी वाढवायला नकार दिला होता, पण जागा मात्र ठेवली होती. म्हटलं ना, चांगला माणूस.

पहिल्या दिवशी दार उघडलं आणि अर्ध्या तासात माझं सगळं काम कोसळलं.

कारण डोंबिवलीत प्रदर्शनाला एकटं कुणी येत नाही. खुर्चीवर आजोबा बसले, मागे मुलगा, सून, दोन नाती, माहेरी आलेली आत्या. मी दारावर पाटी लावली, ‘एका वेळी एकच व्यक्ती’. परांजपे काका नावाचे एक गृहस्थ ती मोठ्याने वाचून म्हणाले, ‘बरोबर आहे. आम्ही एकाच घरातले आहोत,’ आणि पाच जणांना घेऊन आत शिरले. हेडफोन त्यांना पसंत पडला नाही. ‘एकट्यानेच ऐकायचं म्हणजे काय? सगळ्यांना ऐकू दे की!’ असं म्हणून त्यांनी वायरच ओढली. ती तुटली. निनादने घाईघाईने टेबलावरचा मोठा माइक आणि स्पीकर चालू केला, आणि त्यानंतर खोलीत जो जे बोलेल तो हुकूम झाला.

‘तीन नंबर, पुढे!’

‘अहो, डावीकडून न्या ना.’

‘थांब गं, मला दिसत नाहीये.’

‘सरक जरा. पुढे हो.’

ठिपके पुढे जात होते, थांबत होते, डावीकडे वळत होते, गोल फिरत होते. जे कळत नव्हतं त्याला स्पीकर एकच उत्तर देत होता, ‘हुकूम समजला नाही.’ काका त्यालाही रागावले. मी पडद्यामागच्या छोट्या जागेत बसून हे ऐकत होते. एका माणसाच्या एकांतासाठी मी दोन वर्षं खपले होते, आणि हे लोक हळदीकुंकवाला आल्यासारखे आले होते.

संध्याकाळी हिरामावशी आल्या. सोबत दोन सुना. त्या खुर्चीवर बसल्या, नकाशा नीट पाहिला, ठिपके काय आहेत ते निनादला विचारून घेतलं. मग माइककडे वाकून म्हणाल्या, ‘ए पोरांनो, जेवलांव काय?’

‘हुकूम समजला नाही.’

‘समजला नाय काय? जेवलांव का, इचारते.’

‘हुकूम समजला नाही.’

मावशी वळून निनादला म्हणाल्या, ‘अरे, यांना कोन शिकवलंय बोलायला? आनि यांना जेवान कोन देतं?’

निनादने पडद्याकडे बघितलं. दोन वर्षांत जेवणाचा विचार आम्ही केलेला नव्हता. पूल होता, पाऊस होता, दारूगोळा होता. जेवण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडायच्या आधी, मी निनादला म्हटलं, ‘मला मागे कीबोर्ड लावून दे. मी टाइप करेन ते ठिपक्याशेजारी उमटलं पाहिजे.’

‘म्हणजे तू उत्तरं देणार? बाराही जणांची?’

‘हो.’

‘आणि हेडफोन? नवीन आणतोय मी.’

‘नको. राहू दे सगळे आत.’

त्याने मान हलवली. ‘अगं, चालू काय आहे आपलं? पण मस्त आहे.’

ती जागा मला ओळखीची होती. कंपनीतल्या काचेमागच्या खोलीसारखीच. तिथे बसून मी पूल पाडायचे, इथे बसून बोलायचं होतं. मी स्वतःला एकच नियम घातला. विचारलं तर ठिपक्याने खरं उत्तर द्यायचं. पण ‘मला परत बोलवा’ असं आपण होऊन कधी म्हणायचं नाही. ते म्हटलं असतं, तर मीच खेळले असते, लोक नाहीत.

मावशी पुन्हा आल्या आणि कालचाच प्रश्न विचारला. मी चार नंबरच्या ठिपक्याशेजारी टाइप केलं, ‘नाही मावशी. सकाळपासून चहावर आहे.’

‘आगं बाय!’ मावशी सुनांना म्हणाल्या, ‘बगा, बोलला! नाव काय रे तुजं?’

‘संतोष.’

‘गाव कंचा?’

मला पटकन सुचलं ते लिहिलं. ‘शहाड.’

‘शहाडला कोनाकडचा?’

शहाड मला स्टेशनच्या पाटीपुरतं माहीत. निनाद पडद्याआड वाकून कुजबुजला, ‘लिही, नदीकडच्या चाळीतला. आई मेसचे डबे करते. कोण नाही म्हणणार नाही.’ मी लिहिलं. मावशींची धाकटी सून म्हणाली, ‘आई, माझी मोठी बहीण दिलीय ना तिकडंच!’ झालं. त्या क्षणापासून चार नंबरचा ठिपका नुसता ठिपका उरला नाही. तो मोठ्या बहिणीच्या शेजारचा संतोष झाला.

आपल्याकडे माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग गावात कुणाकडचा ते, आणि मग आपलं कोण तिथे आहे ते शोधून काढतात. सापडेपर्यंत सोडत नाहीत. लहानपणी मला याची लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणींसमोर आईने कुणाला ‘तुमचं गाव कुठलं?’ विचारलं, की मी दुसरीकडे बघायचे. युद्धाच्या नकाशापुढे हेच करता येतं, हे मला दोन वर्षं कंपनीत आणि दोन वर्षं गाळ्यात बसून सुचलं नव्हतं.

दिवसभर लोक येत राहिले. मी बारा जणांना नावं दिली, गावं दिली, कुणाला बारावीत नापास केलं, कुणाचं लग्न ठरवलं. खडवलीच्या एकाला एका आजोबांनी विचारलं, नदीला पाणी किती आहे रे? तरीही लगेच कुणी ‘परत या’ म्हणालं असं नाही. बऱ्याच घरांनी गप्पा मारल्या, हळहळ केली आणि तरी पोरं पुलावर ठेवली. पूल पडला की मात्र आता कुणी लगेच उठायचं नाही. नकाशा रिकामा झाला की लोक त्या रिकाम्या जागेकडे बघायचे. एका बाईंनी हलकेच विचारलं, ‘त्याच्या घरी कोण सांगेल?’ मला उत्तर द्यायला कुणी ठिपका उरलेला नव्हता.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी निवड समितीच्या बाई आल्या, तेव्हा आत परांजपे काका होते. या वेळी काकू आणि काकांच्या आईही. खुर्ची आजींना दिली होती. काका उभे होते, पहिल्या दिवशी हरल्याचा राग मनात धरून. बाहेरच्या रांगेतले लोकही दारात येऊन उभे राहिले होते. हिरामावशी भिंतीशी टेकून होत्या. समितीच्या बाई जरा वेळ हा बाजार बघून सरळ पडद्यामागे आल्या.

‘ही उत्तरं प्रोग्रॅम देतोय ना?’ त्यांनी हळू आवाजात विचारलं.

‘नाही. मी देतेय.’

‘म्हणजे लोकांना वाटतंय एक आणि आहे एक.’

‘हो,’ मी म्हटलं. याहून चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही. पुढे बोलायला वेळही नव्हता, कारण आजींनी संतोषला हाक मारली होती. सोमवारची वाळूची पोती माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मी पुन्हा कीबोर्डकडे वळले.

काकांनी बाराच्या बारा जणांना पुलावर नेलं होतं. संतोष सर्वांत पुढे, पलीकडच्या टोकाला. नदीचा आवाज वाढायला लागला होता. माझ्यासमोर पूल पडायचं घड्याळ चालू होतं, आणि ते थांबवायचं बटण माझ्या करंगळीखाली होतं.

‘संतोष, बाळा, पाणी वाढलंय का रे?’ आजी म्हणाल्या.

‘हो आजी. वाढतंय.’

‘अरे, मग त्याला बोलव की मागे,’ आजी काकांना म्हणाल्या.

‘आई, तुला कळत नाही. पूल महत्त्वाचा आहे. सगळे पुढे!’

‘परत ये रे संतोष,’ आजी म्हणाल्या.

‘पुढे!’

‘परत ये!’

प्रोग्रॅम शेवटचा हुकूम ऐकायचा. संतोष दोन पावलं मागे, दोन पावलं पुढे, पुलाच्या त्याच टोकावर हेलकावत राहिला. दारातली माणसं ओरडायला लागली. काकू म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही आधी गप्प बसा! पोरगा मधेच अडकलाय तुमच्यामुळे!’

‘आणि पूल गेला म्हणजे?’

‘जाऊ दे! महापालिका बांधेल दुसरा!’

आजींनी माइक स्वतःकडे ओढला. ‘संतोष, तुला काय वाटतं रे?’

घड्याळ शेवटाकडे आलं होतं. समितीच्या बाई माझ्या खांद्यामागून बघत होत्या. एक वाक्य लिहिलं असतं, की मला बोलवा, तर काम झालं असतं. करंगळी दाबली असती, तरी झालं असतं. मी लिहिलं, ‘तुम्ही सगळे मिळून सांगाल तसं, आजी.’

काकांनी त्या ओळीकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांचा आवाज निघाला तो हुकमाचा नव्हताच, गॅलरीतून खाली खेळणाऱ्या पोरांना मारतात तशी हाक होती.

‘अरे, परत या रे! सगळे परत या!’

ठिपके वळले. एकेक जण अलीकडच्या काठाला लागला, की मी त्याचं नाव आणि गाव उमटवत होते आणि दारातले लोक ते मोठ्याने वाचत होते. खडवलीचा आला. टिटवाळ्याचा आला. अंबरनाथचे दोघं आले. ‘शहाडचा कुठाय?’ मावशी ओरडल्या. शहाडचा सगळ्यात मागे होता. पुलाच्या मधे, मग पाऊण, मग काठावर. त्याच्या मागे पूल पडला, मी बनवलेल्या सगळ्या भिंतींपेक्षा सुंदर पडला, आणि त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मी लिहिलं, ‘संतोष. शहाड. पोचलो.’

मग जो आवाज झाला तो शेजारच्या रांगोळ्यांच्या खोलीतून लोक धावत आले, एवढा होता. काका डोळे पुसत सगळ्यांना सांगत होते, की पहिल्यापासून आपला हाच विचार होता.

तेवढ्यात हिरामावशी पडद्यापाशी आल्या. त्यांना बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी एका झटक्यात पडदा बाजूला सारला. ‘हा बगा तुमचा शहाडचा पोरगा!’

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मला टेबलाखाली जावंसं वाटलं. आजींनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं.

‘अगं बाई, तू होय? मग खरं सांग, जेवलीस का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ते खरं होतं. तेव्हा जो हशा झाला, त्यात समितीच्या बाईंचाही आवाज होता. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘पडदा आता काढूनच टाका. माणूस आहे हे कळलं, तरी त्यांनी विचारायचं थोडंच सोडलं?’ आणि पडदा त्या दिवसापासून नाही. मी समोर बसते, सगळ्यांना दिसेल अशी. सवय होतेय.

निवड झाल्याचं सोमवारीच कळलं आणि मी टीम लीडला फोन केला. तो म्हणाला, ‘जा. पण ती कॅलेंडरवाली भिंत आम्ही वापरत राहणार हं.’ मी म्हटलं, वापरा.

मग फिरत्या प्रदर्शनाच्या पहिल्या गावच्या संयोजकांचा फोन आला. टेबलाचं माप घेतलं, विजेचं विचारलं, खोली किती अंधारी हवी ते विचारलं. मग म्हणाले, ‘आणि खुर्ची एकच ना? फोटोत एकच दिसतेय.’

‘तो फोटो जुना आहे,’ मी म्हटलं. ‘असतील तेवढ्या ठेवा. आणि जमलं तर एक मोठी सतरंजी.’